वन्संची पिंपं

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला सासू नव्हती. मैत्रिणींनी हेवा केला. सासूची जागा रिकामी नाही, तिथे नणंद ठाण मांडून बसली आहे आणि ती सासूच्या वरताण आहे, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत! वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हे रांगत होते, आणि वन्संचा हात जेमतेम शेगडीपर्यंत पोचत होता. तेव्हापासून ह्यांना न्हाऊ-माखू घालण्यापासून कामाला लावण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. मधे त्यांचंही लग्न झालं होतं, पण थोड्याच दिवसांत त्या परत आल्या. का आलात, असं मी एकदाच विचारलं. "तिथला चहा पांचट होता," म्हणाल्या, आणि विषय मिटवला.

सुरुवातीला त्यांनी मला पाण्यातच पाहिलं. मी भांडी लावली की त्या ती काढून पुन्हा लावायच्या. मी दार लावलं की उठून कडी तपासायच्या. ह्यांना त्या 'छोट्या' म्हणत. दारातून वाकून आत यावं लागणारा, चांगल्या मिशा असलेला माणूस, आणि म्हणे छोट्या! कामावर जेवणाच्या सुट्टीत चार लोकांसमोर त्या बोटांनी ह्यांचे केस सारखे करायच्या आणि आमचे महाराज मान खाली घालून करू द्यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून माझं सगळं त्यांनीच काढलं, आणि नंतर त्याचा उच्चार एकदाही केला नाही. त्यामुळे मनाशी पक्का राग धरायचीही सोय उरली नव्हती.

आम्ही तिघंही एकाच शेडमध्ये कामाला होतो. पत्र्याची लांब शेड, एका अंगाला मोठं दार, आणि आत जुन्या बॅटऱ्यांचे डोंगर. फोनच्या, लॅपटॉपच्या, खेळण्यांच्या, कशाकशाच्या. लोकांना वाटतं बॅटरी संपली म्हणजे संपली. ती फोन चालवण्यापुरती संपलेली असते. माणसाचं तोंड भाजण्याइतका जीव तिच्यात उरलेला असतो. म्हणून तिला आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं. पाण्यात गेली की तिच्या टोकांवरून बुडबुडे सुटतात आणि उरलासुरला जीव तसा हळूहळू निघून जातो. बुडबुडे थांबले की ती निवली असं समजायचं आणि सोलायच्या टेबलावर न्यायची. तिथे पक्कडीने कवच सोलायचं आणि आतली घट्ट गुंडाळी उलगडायची. त्या गुंडाळीत तांब्याचा एक आणि ॲल्युमिनियमचा एक असे कागदासारखे पातळ पत्रे असतात आणि त्यांच्यावर काळी भुकटी थापलेली असते. तांबं एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे आणि भुकटी पोत्यात.

खरी किंमत त्या भुकटीला. पोती मोठ्या कारखान्यात जातात, तिथे त्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम असं काय काय काढतात, आणि त्याच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या होतात. आमचा मुकादम प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा, "इथे काही म्हणजे काही वाया जात नाही." हल्ली हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मात्र मीही मान डोलवायचे. पत्र्यावरची भुकटी झाडायचं काम माझ्याकडे होतं. तोंडाला फडकं बांधूनसुद्धा घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा.

भिंतीला लागून निळ्या पिंपांची रांग होती. ती वन्संची. पाणी किती, मीठ किती, कुठल्या पिंपात कुठला माल, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. दिवसभर त्या या पिंपावरून त्या पिंपावर वाकत फिरायच्या. मिठाने त्यांचे हात पांढरे पडले होते आणि बोटांच्या पेरांना भेगा होत्या. बुडबुडे डोळ्यांनी तर बघायच्याच, पण कान पाण्याजवळ नेऊन ऐकायच्याही. मग सरळ उभ्या राहून कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "निवले, घ्या." त्यांच्या या दोन शब्दांवर शेड चालायची. त्यांनी म्हटल्याशिवाय मालकसुद्धा पिंपाला हात लावत नसे. "माझ्या पिंपातून गेलेल्या सेलने आजवर कोणाला चटका दिलेला नाही," हे त्या उठताबसता ऐकवायच्या, आणि ते खरंच होतं.

ह्यांचं सोलायचं टेबल पिंपांना लागूनच होतं. बाकीचे लोक पक्कड लावायच्या आधी सेलला हाताची उलटी बाजू लावून बघायचे, गरम तर नाही ना म्हणून. हे कधीच बघायचे नाहीत.

"ताई म्हणाली ना निवले," हे म्हणायचे. "मग आणखी काय बघायचं?"

मग माल बदलला. स्कूटर आणि गाड्यांच्या बॅटऱ्या येऊ लागल्या. एकेका पेटीत पोलादी कवचाचे गोल, जाडजूड सेल ओळीने बांधलेले असायचे. फोनच्या बॅटऱ्या पाण्यात पडल्यावर बराच काळ चुरुचुरु बोलत राहायच्या. हे सेल पाण्यात टाकले की नुसता गदारोळ. पिंप उकळतंय की काय असं वाटायचं. पाणी आधी पिवळं आणि मग गंजाने तांबडं व्हायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर चिडीचूप. वन्सं खूश झाल्या. "दिसायला पैलवान, पण दमतात लवकर," म्हणाल्या. शेडमध्ये हशा पिकला. काम दुपटीने पुढे सरकू लागलं आणि मालक पिंपांपाशी येऊन वन्संना नमस्कार करून गेला. त्या दिवशी त्या घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हत्या.

एका जेवणाच्या सुट्टीत हे म्हणाले, "ताई, हे नवे सेल सोलताना कोमट लागतात गं."

"तुझे हातच गरम आहेत," वन्सं म्हणाल्या. "पाळण्यात होतास तेव्हापासून. तुला उचललं की माझी कूस शेकायची."

हे हसले. वन्संनी त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली आणि उरलेला घास त्यांच्या डब्यात टाकला. तो विषय तिथेच राहिला.

त्यानंतर लवकरच ते घडलं. दुपारची वेळ होती. मी भुकटी झाडत होते. ह्यांच्या टेबलावरून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला म्हणून मान वर केली, तेवढ्यात पांढरा जाळ उठला. सेल लांब धरून सोलता येत नाही, तोंड त्याच्यावर वाकलेलं असतं. मी पोचायच्या आत वन्सं पोचल्या होत्या. त्यांनी वाळूची बादली टेबलावर उलटी केली, ह्यांना मागे ओढलं आणि ह्यांचं डोकं पोटाशी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. हे ओरडत नव्हते. "ताई, काय झालं? काय झालं ताई?" एवढंच विचारत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

डावा डोळा गेला. उजवा थोडासा वाचला. उजेड, रंग, समोरच्या माणसाचा आकार, एवढं त्यातून दिसत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "या डोळ्यात आतून दाब वाढत जाणार. रंग फिके वाटले, उजेड कमी वाटला, की त्याच दिवशी घेऊन यायचं. त्याच दिवशी आणलंत तर मी काहीतरी करू शकते. उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." वन्संनी ते वाक्य तिथेच पुटपुटत दोनदा म्हणून घेतलं.

हे इस्पितळात असतानाच मोठ्या कारखान्यातून एक साहेब चौकशीला आले. त्यांनी पिंपातून एक सेल काढला. बुडबुडे केव्हाच थांबले होते. साहेबांनी कानस मागितली, सेलच्या टोपणावरचा गंज खरवडला आणि सेल पुन्हा पाण्यात सोडला. भसाभस बुडबुडे आले.

"हे सेल मेलेले नसतात," साहेब म्हणाले. "पाण्याने टोक गंजतं, मग वीज बाहेर येत नाही. म्हणून बुडबुडे थांबतात. आत सेल भरलेलाच राहतो."

वन्सं त्या पाण्याकडे बघत होत्या. "म्हणजे आजवर सोलले ते सगळे?" त्यांनी विचारलं.

"बरेचसे," साहेब म्हणाले. भला माणूस होता, त्याने आवाज खाली आणून सांगितलं. असा माल मिठाच्या पाण्यात घालूच नये, बंद यंत्रात फोडावा, असंही त्याने मालकाला सांगितलं. मालकाने मान डोलावली. ते यंत्र अजून यायचं आहे. वन्सं पिंपाला टेकून खाली बसल्या त्या शेड बंद व्हायची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी मुकादमाने आणि मी धरून त्यांना उठवलं.

मी काही संत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांना तोंडावर म्हणाले, "तुम्ही म्हणालात निवले, म्हणून ह्यांनी पक्कड लावली."

"हो," वन्सं म्हणाल्या.

त्या भांडल्या असत्या, मला चार शब्द सुनावले असते, तर माझा राग कुठेतरी जाऊन आदळला असता. त्यांनी भांडी घासली. मी ती लावली. त्या दिवशी त्यांनी ती पुन्हा लावली नाहीत.

हे घरी आले. दारालगतची खाट ह्यांची झाली. घर चालवायचं तर कोणीतरी त्या टेबलावर बसायला हवं होतं, कारण भुकटी झाडणारीला मिळतं त्यात तिघांचं भागत नाही, आणि मालकाचा विश्वास उडाल्यामुळे वन्संची मजुरीही कमी झाली होती. मी सोलायच्या टेबलासाठी माझं नाव दिलं तेव्हा वन्संनी माझे दोन्ही हात धरले.

"तू नको बसूस गं."

"मग कोण बसणार? तुमचे डोळे आता जवळचं बघत नाहीत. ह्यांना पाठवू?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर त्या माझ्या आधी पोचल्या होत्या आणि हातात नवी कोरी कानस होती. त्या दिवसापासून त्यांचं काम बदललं. बुडबुडे थांबले की सेल बाहेर काढायचा, टोपण खरवडायचं, पुन्हा पाण्यात सोडायचा. पुन्हा बुडबुडे येत. ते थांबले की पुन्हा बाहेर, पुन्हा कानस. खरवडून लख्ख केलेल्या टोपणावरूनही एक बुडबुडा येईनासा झाला म्हणजेच तो सेल माझ्या ट्रेमध्ये. तोही पिंपातून ओंजळीने काढून नव्हे. एकेक सेल त्या स्वतः पुसून, गालाला लावून, मग ट्रेमध्ये ठेवायच्या. 'निवले' हा शब्द त्यांनी सोडला. नुसता सेल ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

मुकादम करवादायचा. "मावशी, ह्या चालीने एक पेटी संपायला वर्ष लागेल." वन्संना जणू ऐकूच येत नसे. कानशीने त्यांच्या तळहाताची सालं निघाली. जेवणाच्या सुट्टीत त्या कोणात बसेनाशा झाल्या. पिंपांपाशीच उभ्याने दोन घास खायच्या, न जाणो कोणी मधेच सेल उचलून माझ्या ट्रेमध्ये टाकला तर. माझे डोळे त्यांच्या त्या लक्षावर विसंबून आहेत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

घरी त्यांनी एक रिवाज सुरू केला. भुकटी केसांत बसू नये म्हणून त्या कामावर डोक्याला रुमाल बांधत. दोन रुमाल होते, एक निळा, एक पिवळा. रंग फिके वाटले तर त्याच दिवशी आणा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, म्हणून रोज सकाळी निघताना त्या ह्यांच्या खाटेसमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "छोट्या, आज कुठला?"

"निळा," हे म्हणायचे. किंवा "पिवळा." मग आम्ही निघायचो.

एका सकाळी हे थोडं थांबले. "निळाच आहे," म्हणाले, "पण मळकट दिसतोय गं. धुतला नाहीस का?" रुमाल स्वच्छ धुतलेला होता. काम सोडून आम्ही दोघी ह्यांना घेऊन धावलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात सुई दिली, दिवसभर ठेवून घेतलं, आणि संध्याकाळी म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. राहील हा." वन्संनी त्यांचे हात धरले. आभार मानायचे असतात हेसुद्धा विसरून नुसते धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये वन्संचं शरीर होतं, मन घरी खाटेपाशी होतं. हातातली कानस चालत होती, पण कुठला सेल खरवडला आणि कुठला राहिला, याची त्यांना शुद्ध नव्हती. दुपारी मी एका सेलला पक्कड लावली आणि तोच सुस्कारा ऐकू आला. मी तो वाळूत भिरकावला. जाळ वाळूतच उठला. हातमोजा जळला, तळहाताला फोड आला, तोंड वाचलं. मुकादम धावत आला, चार शिव्या घालून गेला. वन्सं हातातली कानस टाकून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी ह्यांना मलमाचा वास आला. ह्यांनी विचारलं, मी सांगितलं. वन्सं जेवल्या नाहीत. भिंतीला टेकून स्वतःशीच बोलत राहिल्या, "माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. सगळा वेळ ह्याचा डोळा दिसत होता. चित्त थाऱ्यावर नव्हतं माझं." हे खाटेवर बसून ऐकत होते. थोड्या वेळाने ह्यांनी काहीतरी विनोद केला, मला आता तो आठवत नाही, आणि आम्ही दोघीही हसलो. जिवावरचं थोडक्यात निभावलं होतं ना, म्हणून.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. रोज सकाळी 'आज कुठला', रोज बरोबर उत्तर. हे तर थट्टाही करू लागले. "पिवळा. शोभतो हो ताई तुला, नवरी दिसतेस." वन्सं "मेल्या" म्हणून हात उगारायच्या. त्यांचा चेहरा निवळला, हात स्थिर झाले. माझ्या ट्रेमध्ये येणारा एकही सेल कधी कोमट लागला नाही. तपासणीची पुढची तारीख लांब होती, आणि आम्हाला तिची भीती वाटेनाशी झाली. एका संध्याकाळी वन्संनी मी लावलेली भांडी काढून पुन्हा लावली. मी चिडले, कडाक्याचं भांडण झालं, आणि भांडता भांडता मला एकदम बरं वाटलं. घरात जीव आला होता. मला वाटू लागलं, एका डोळ्याने का होईना, हे परत उभे राहतील. कुठेतरी राखणीचं काम मिळेल. असं मी स्वतःशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

मग आभाळ धरलं. कपडे वाळेनात. एका सकाळी पिवळा रुमाल दोरीवर ओलाच होता, म्हणून वन्संनी आदल्या दिवशीचा निळाच पुन्हा बांधला आणि खाटेसमोर उभ्या राहिल्या.

"छोट्या, आज कुठला?"

"पिवळा," हे म्हणाले. ठामपणे, हसत.

वन्संचा हात डोक्याकडे गेला. "नीट बघ," त्या म्हणाल्या.

"अगं हो, निळा. अंधारून आलंय, म्हणून जरा..."

छताचा दिवा लागलेला होता. मी पायातली चप्पल काढली, आवाज न करता पुढे गेले आणि ह्यांच्या आणि वन्संच्या मधे जाऊन उभी राहिले. ह्यांच्या नाकासमोर. हे ताईकडे बघून हसत होते. माझ्या पोटाकडे बघत, ताईसाठी हसत होते.

रुमाल संध्याकाळी धुतला जायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा निघायचा. आज निळा तर उद्या पिवळा. दिसण्याची गरजच नव्हती. आम्ही दोघी रोज विचारत होतो, रोज उत्तर ऐकून समाधानाने कामाला जात होतो, आणि हे खाटेवर बसून नुसती पाळी लक्षात ठेवत होते.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ बघितलं. मग दिवा बंद केला. "कमी वाटायला लागलं कधी?" त्यांनी विचारलं. ह्यांनी तोंड आमच्यापासून दुसरीकडे फिरवलं. "मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, दमून. पुढे त्यांनी काही औषध लिहून दिलं नाही, आणि त्यावरूनच आम्हाला काय ते कळलं.

इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर माझा बांध फुटला. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. "का?" मी ओरडले. "त्याच दिवशी सांगा म्हणाल्या होत्या ना त्या? एकदा नेलं तर थांबला होता ना डोळा? का गिळून बसलात?"

हे माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "मागच्या वेळी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात काय आलं? ताईचं चित्त उडालं की काय होतं ते बघितलं ना. त्या टेबलावर तू बसतेस. मी काय, घरात बसलेलो. मला कुठे पक्कड धरायची आहे?"

"कामावर जाऊ नका म्हणायचं होतंत! एक दिवस, दोन दिवस..."

"आणि डोळा रोज उतरत गेला असता तर? रोज?"

मला त्या माणसाला मारावंसं वाटत होतं आणि पोटाशीही धरावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला वन्सं बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्या गुडघ्यावरचा तळहात सारखा पुसत होत्या, पुसायला तिथे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे भरले. उठून कामाला जायचंच होतं, दुसरं काय करणार. रात्रीतून पिवळा रुमाल वाळला होता, वन्संनी तो बांधला. खाटेसमोर न थांबता त्या तशाच दाराकडे वळल्या. पावलांवरून ह्यांना कळलं.

"ताई, विचार ना," हे म्हणाले.

वन्सं तिथेच उभ्या राहिल्या.

"विचार गं. नाहीतर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

"कुठला?" वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी थोडा विचार केला. कालच्या गोंधळात पाळी चुकली होती. "निळा," हे म्हणाले.

"बरोबर," वन्सं म्हणाल्या, आणि आम्ही दोघी बाहेर पडलो.

रस्त्यात त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कानशीने सोलवटलेला तो हात खरखरीत लागत होता, आणि तो थरथरत होता. कोपरापर्यंत थरथरत होता. मला वाटलं चालून थांबेल, पण शेड आली तरी थांबला नाही. त्यांनी पिंपाचं झाकण काढलं, कानस उचलली, ती हातातून पडली, पुन्हा उचलली. मी टेबलावर जाऊन बसले आणि पहिल्या सेलची वाट बघू लागले.